मीटरभराच्या आतलं अंतर लेझरने कसं मोजायचं: वेबकॅम, लाल ठिपका आणि एक त्रिकोण

हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा लेझर टेप खोलीची लांबी मोजायला उत्तम. पडदा किती लांब हवा, कपाट त्या कोपऱ्यात बसेल का, हे प्रश्न तो लगेच सोडवतो. पण मोरीतल्या पिंपात किती पाणी उरलंय याची दर मिनिटाला नोंद हवी असेल, पुस्तकांच्या वजनाने फळी महिन्याभरात किती वाकली ते बघायचं असेल, किंवा एखाद्या हलत्या वस्तूला हात न लावता तिचं अंतर सतत वाचत राहायचं असेल, तर बटण दाबून एक आकडा दाखवणारं यंत्र पुरत नाही. अशा कामांसाठी दहा-पंधरा सेंटीमीटरपासून एक मीटरपर्यंत चालणारं आणि कॉम्प्युटरला आकडे देत राहणारं मापक घरी बनवता येतं. त्याला एक जुना वेबकॅम, एक लेझर मॉड्यूल, ॲल्युमिनियमची सेक्शन आणि शाळेतली भूमिती एवढंच लागतं.

सुरुवातीलाच एक आग्रह धरतो. आधी कुठलं अंतर, किती अचूक मोजायचं ते ठरवा आणि मगच सामान आणायला निघा. बहुतेक जण उलट करतात. मिळेल तो सेन्सर आणतात आणि मग तो आपल्या कामात बसवायला बघतात. या पद्धतीत अंतर दुप्पट झालं की चूक चौपट होते, त्यामुळे तो उलटा क्रम फार महागात पडतो.

प्रकाशाची वेळ का मोजत नाही?

लेझर सोडायचा, परत यायला किती वेळ लागला ते बघायचं, ही कल्पना सगळ्यांना आधी सुचते. प्रकाशाचा वेग सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर. एक मीटरवरच्या भिंतीपर्यंत जाऊन यायला त्याला साधारण ६.७ नॅनोसेकंद लागतात. त्यात एक मिलिमीटरचा फरक ओळखायचा तर ६.७ पिकोसेकंद वेगळे काढता आले पाहिजेत. सेकंदाचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक पिकोसेकंद. घरगुती प्रयोगांत वापरतात त्या अर्डुइनो युनो या छोट्या कंट्रोलर बोर्डचं घड्याळ १६ मेगाहर्ट्झचं आहे. त्याच्या एका ठोक्यात प्रकाश जवळजवळ १९ मीटर पुढे गेलेला असतो. म्हणजे घरच्या साध्या सर्किटवर थेट वेळ मोजायचा विचार सोडूनच द्यायचा.

बाजारातले लेझर टेप सहसा प्रकाशाच्या एकेका ठोक्याची वेळ मोजतही नाहीत. ते लेझरची तीव्रता ठरावीक लयीत कमीजास्त करतात आणि परत आलेल्या प्रकाशाची लय किती मागे पडली त्यावरून अंतर काढतात. हातात धरून वापरायचा असा पहिला मापक, डिस्टो, लायकाने १९९३ मध्ये आणला. लयीतला तो फरक टिपणारं सर्किट घरी बनवणं शक्य आहे, पण पहिल्या प्रयोगासाठी तो रस्ता मी सुचवणार नाही.

आपण त्रिकोण वापरायचा. अंगठा डोळ्यांसमोर धरून आळीपाळीने एकेक डोळा मिटला की अंगठा मागच्या भिंतीवर इकडून तिकडे उडी मारतो. अंगठा जवळ आणला की उडी मोठी होते, लांब नेला की लहान. आपल्या मापकात एका डोळ्याच्या जागी लेझर आहे, दुसऱ्याच्या जागी कॅमेरा. लेझरचा ठिपका वस्तूवर पडतो, कॅमेरा तो थोडा बाजूने बघतो. वस्तू जवळ-लांब झाली की चित्रातला ठिपका सरकतो आणि त्या सरकण्यातून अंतर निघतं.

पद्धत जुनीच आहे. ब्रिटिश सर्वेक्षक विल्यम लॅम्टनने १८०२ मध्ये मद्रासजवळ साधारण १२ किलोमीटरची आधाररेषा साखळीने मोजली आणि तिच्यावर त्रिकोणामागून त्रिकोण उभे करत देशाची मोजणी सुरू झाली. आपली आधाररेषा काही सेंटीमीटरचीच आहे. पण ती चुकली की पुढचं सगळं चुकतं, हे इथेही तितकंच खरं.

पायरी १: कागदावरचा हिशोब

लेझर आणि कॅमेरा एकमेकांना समांतर, समोर तोंड करून शेजारी बसवले आहेत असं धरा. मग सूत्र सोपं आहे:

अंतर = (फ × आ) ÷ स

यात ‘आ’ म्हणजे आधाररेषा, लेझर आणि कॅमेऱ्याच्या भिंगामधलं अंतर. ‘स’ म्हणजे चित्राच्या मध्यापासून ठिपका किती पिक्सेल सरकला ते. ‘फ’ म्हणजे कॅमेऱ्याची पिक्सेलमधली नाभीय लांबी. ती खोक्यावर छापलेली नसते, पण पाच मिनिटांत काढता येते. भिंतीवर २० सेंटीमीटरची कागदी पट्टी चिकटवा, कॅमेरा बरोबर ६० सेंटीमीटरवर ठेवा आणि चित्रात पट्टी किती पिक्सेल लांब दिसते ते मोजा. ती २०० पिक्सेल भरली, तर २०० × ६० ÷ २० = ६००. चित्र ६४० × ४८० चं ठेवलं तर अनेक साध्या वेबकॅमचा आकडा याच्या आसपास येतो. पुढचा हिशोब ६०० धरूनच करतो.

आधाररेषा ६ सेंटीमीटर घेतली तर फ × आ = ३६००. वस्तू २० सेंटीमीटरवर असेल तर ठिपका १८० पिक्सेल सरकतो, ५० वर ७२, एक मीटरवर ३६ आणि दोन मीटरवर अवघा १८.

आता खरा मुद्दा. ठिपक्याची जागा वाचताना एका पिक्सेलची चूक झाली, तर अंतरात किती चूक येईल? अंतराचा वर्ग भागिले ३६००. म्हणजे २० सेंटीमीटरवर साधारण १ मिलिमीटर, ५० वर ७ मिलिमीटर, एक मीटरवर २८ मिलिमीटर आणि दोन मीटरवर तब्बल ११ सेंटीमीटर. दोन मीटरवर मिलिमीटर मोजायचा असेल तर ही रचना बनवूच नका, कितीही चांगला प्रोग्राम लिहिलात तरी ती जमणार नाही. २० सेंटीमीटरवर मात्र हीच स्वस्त जोडणी फार सुंदर काम करते.

आधाररेषा वाढवली की चूक कमी होते, पण जवळची मर्यादा दूर सरकते. आडव्या चित्रात मध्यापासून कडेपर्यंत ३२० पिक्सेलच आहेत. ६ सेंटीमीटरच्या आधाररेषेत ११ सेंटीमीटरपेक्षा जवळची वस्तू दिसत नाही, २० च्या आधाररेषेत ३७ पेक्षा जवळची नाही.

या अडचणीवर एक देखणा उपाय आहे. लेझर सरळ ठेवा आणि कॅमेरा लेझरच्या बाजूला झुकवा. समांतर रचनेत चित्राचा अर्धा भाग वाया जातो, कारण ठिपका मध्याच्या एकाच बाजूला फिरतो. कॅमेरा झुकवला की जवळचा ठिपका एका कडेला आणि लांबचा दुसऱ्या कडेला येतो, पूर्ण ६४० पिक्सेल कामाला लागतात. आधाररेषा २० सेंटीमीटर आणि कॅमेरा साधारण ३९ अंश झुकवलेला, या जोडणीत सुमारे ८ सेंटीमीटरपासून एक मीटरपर्यंत सगळं चित्रात बसतं आणि मीटरवर एका पिक्सेलची चूक साधारण ७ मिलिमीटर होते. समांतर रचनेतल्या २८ चा चौथा हिस्सा. लेझर न झुकवता कॅमेराच झुकवायचा, याला कारण आहे. लेझर झुकवला तर वस्तू लांब जाईल तसा ठिपका बाजूला भटकत जातो आणि आपण नेमका कुठला बिंदू मोजतोय तेच कळेनासं होतं.

पहिल्यांदा करत असाल तर समांतर रचनेपासून सुरुवात करा. ती समजली की झुकवलेली रचना एका संध्याकाळचं काम आहे.

पायरी २: सामान

मुंबईत असाल तर ग्रँट रोड स्टेशनवरून चालत लॅमिंग्टन रोडला जा. पाट्यांवर आता डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण दुकानदार अजून लॅमिंग्टनच म्हणतात. रविवार टाळा, बरीच दुकानं बंद असतात. तिथून आणायचं ते असं:

- ६५० नॅनोमीटरचं लाल लेझर मॉड्यूल, पितळी नळीतलं, ५ व्होल्टवर चालणारं, ठिपका देणारं. रेघ किंवा फुली देणारंही मिळतं, ते आत्ता नको. पुढचं भिंग फिरवून ठिपका बारीक करता येईल असंच घ्या.
- अर्डुइनो युनो किंवा त्याची नक्कल, बीसी५४७ ट्रान्झिस्टर, एक किलोओहमचा रेझिस्टर, वायरी.
- वेबकॅम. घरात जुना पडून असेल तर तोच बरा. आपोआप फोकस करणारा असेल तर ते बंद करता येतं का ते आधी तपासा. फोकस बदलला की ‘फ’ बदलतो आणि सगळी जुळवणी वाया जाते.

चौकटीसाठी प्लायवुड घेऊ नका. जून ते सप्टेंबर मुंबईच्या हवेत प्लाय फुगतो, वाकतो आणि कॅमेऱ्याचा कोन बदलतो. खिडक्या बनवणाऱ्या कुठल्याही ॲल्युमिनियम फॅब्रिकेटरकडे सेक्शनचे उरलेले तुकडे असतात, फूटभराचा चौकोनी पाइप तो आनंदाने देईल. गुण्या, ओळंबा आणि स्टीलची मोजपट्टी घरी नसेल तर मशीद बंदरजवळच्या नागदेवी स्ट्रीटला मिळेल.

हिरवा लेझर डोळ्यांना जास्त ठळक दिसतो, कॅमेऱ्यातही हिरवे पिक्सेल लालच्या दुप्पट असतात, म्हणून तो घ्यावासा वाटतो. तरी स्वस्त हिरवा पॉइंटर टाळा. त्यातल्या बऱ्याच पॉइंटरांत अदृश्य इन्फ्रारेड किरणांतून हिरवा प्रकाश तयार केला जातो, आणि आतला फिल्टर नीट नसेल तर ते अदृश्य किरण बाहेर येतात. डोळ्याला ते दिसत नाहीत, म्हणून पापणीही मिटत नाही.

डोळे

हा भाग गाळून पुढे जाऊ नका. घरात लहान मुलं असतील तर दोनदा वाचा. एक मिलिवॉटपर्यंतचा दृश्य लेझर सुरक्षिततेच्या दुसऱ्या वर्गात (क्लास २) मोडतो. तो चुकून डोळ्यात गेला तर पाव सेकंदात पापणी मिटते आणि तेवढं संरक्षण पुरतं. ५ मिलिवॉटचा त्याच्या वरच्या वर्गात जातो, आणि स्वस्त मॉड्यूलवर छापलेला आकडा पाळलेला असेलच याची खात्री नसते. म्हणून मी मंद चालवतो. ज्या मॉड्यूलमध्ये आत फक्त एक रेझिस्टर असतो ते अर्डुइनोच्या ३.३ व्होल्टवर मंद पण व्यवस्थित चालतं. मीटरभराच्या कामाला तेवढा प्रकाश पुरे.

जोडणी टेबलावर ठेवताना किरण बसलेल्या किंवा उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर येऊ देऊ नका. समोरून आरसे, स्टीलची ताटं, घड्याळाची काच काढून ठेवा. किरण भिंतीवर संपला पाहिजे, खिडकीतून बाहेर जाता कामा नये. कुर्ला-घाटकोपरवरून विमानं खाली उतरत असतात, त्यामुळे गच्चीवर लेझर घेऊन जायचंच नाही.

पायरी ३: बसवणी आणि जोडणी

ॲल्युमिनियमच्या पाइपाला लेझरच्या जाडीचं भोक पाडा, मॉड्यूल त्यात घट्ट बसवा आणि बाजूने स्क्रूने आवळा. नुसता हॉट ग्लू उन्हाळ्यात मऊ पडतो, त्याच्यावर भरवसा ठेवू नका. वेबकॅमचं क्लिप आणि डुलणारी मान काढून टाका. त्याची मूळ बॉडी दोन स्क्रूंनी थेट पाइपावर बसली पाहिजे. हाताने दाबून बघा. जरा जरी हलत असेल तर पुढे जाऊ नका. ६०० च्या ‘फ’ ला एका पिक्सेलचा कोन साधारण एक दशांश अंशाचा असतो, बोटाने ढकलून कॅमेरा तेवढा सहज हलतो.

लेझर आणि कॅमेरा काटेकोर समांतर असायलाच हवेत असं नाही, ती कसर जुळवणी भरून काढते. ठिपका मात्र चित्रात आडव्या रेषेवरून सरकला पाहिजे. एक पांढरं पुठ्ठ्याचं कार्ड जवळून लांब न्या आणि बघा. ठिपका तिरका चढत-उतरत असेल तर लेझर किंचित वर-खाली करून घ्या.

लेझर थेट अर्डुइनोच्या पिनवर चालवू नका, मध्ये बीसी५४७ घाला. पिनपासून बेसला एक किलोओहम, एमिटर अर्डुइनोच्या ग्राउंडला (GND), लेझरची काळी वायर कलेक्टरला, लाल वायर पुरवठ्याला. आपल्याला लेझर सेकंदात अनेक वेळा चालू-बंद करायचा आहे. का, ते आता येतं.

पायरी ४: ठिपका शोधणं

सगळ्यात आधी कॅमेऱ्याचं आपोआप एक्स्पोजर, म्हणजे एका चित्रासाठी किती वेळ प्रकाश घ्यायचा ते स्वतःच ठरवणं, बंद करा. ते चालू असेल तर खोलीतला दिवा लागला की ठिपक्याचा आकार बदलतो. एक्स्पोजर एवढं खाली आणा की चित्र जवळजवळ काळं दिसेल आणि ठिपका लाल दिसेल. चित्रात ठिपक्याचा मध्य पांढरा दिसत असेल तर तिथले पिक्सेल ठासून भरलेत असं समजा. २५५ वर, म्हणजे उजळपणाच्या कमाल आकड्यावर, अडकलेल्या पिक्सेलमधून नेमका मध्य काढता येत नाही.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूबलाइट आणि बरेच स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. एक्स्पोजर १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवलं तर प्रत्येक चित्रात सारखाच प्रकाश येतो. त्याने चित्र फार उजळ होत असेल तर दिवा बंद करा, किंवा लेन्ससमोर काळसर फिल्टर लावा.

मग पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि चित्रांवर काम करणारी ओपनसीव्ही ही लायब्ररी वापरून हा क्रम लिहा. लेझर बंद असताना एक चित्र, चालू असताना एक. दोन्हींमधला फक्त लाल भाग घ्या आणि दुसऱ्यातून पहिला वजा करा. भिंतीवरचं लाल कॅलेंडर, खिडकीतलं ऊन, टीव्हीचा दिवा, सगळं वजा होऊन जातं आणि ठिपका उरतो. वेबकॅम एक-दोन चित्रं मागे राहतो, म्हणून लेझर बदलल्यावर दोन-तीन चित्रं सोडून द्या आणि पुढचं घ्या. हे केलं नाही तर कधी ठिपका असलेलं चित्र ‘बंद’ म्हणून वजा होतं आणि आकडे वेड्यासारखे उडतात.

उरलेल्या ठिपक्यातला सगळ्यात उजळ पिक्सेल घेऊन थांबू नका. ठिपका चार-पाच पिक्सेल पसरलेला असतो, त्याचा भारित मध्य काढा. समजा ११८ ते १२२ या पाच स्तंभांत उजळपणा ४०, १६०, २००, १२० आणि ३० आहे. बेरीज ५५०. मधला १२० शून्य धरून भार लावला तर (−८० − १६० + ० + १२० + ६०) म्हणजे −६०. भागिले ५५०, म्हणजे −०.११. ठिपक्याची जागा ११९.८९. या एका भागाकाराने पिक्सेलच्या दशांशापर्यंत जाता येतं, आणि पहिल्या पायरीतल्या सगळ्या चुका त्याच प्रमाणात खाली येतात. यासाठी उलट ठिपका थोडा पसरट असलेलाच बरा. भिंग फिरवून तो अगदी सुईच्या टोकाएवढा करू नका.

पायरी ५: जुळवणी

मापकाची सगळी किंमत या पायरीत आहे. तासभर शांतपणे द्या.

लेझर आधी दहा मिनिटं चालू राहू द्या, म्हणजे मॉड्यूल गरम होऊन स्थिर होईल. फरशीवर स्टीलची मोजपट्टी चिकटपट्टीने पक्की करा. गुण्याला पांढरा, बिनचमकीचा कागद लावा आणि तो पट्टीवर सरकवत न्या, म्हणजे कागद किरणाला काटकोनात राहील. २०, ३०, ४०, ६०, ९० सेंटीमीटरवर थांबा आणि प्रत्येक ठिकाणी ठिपक्याची जागा लिहा. उदाहरणादाखल हे आकडे धरा: २१०, १५०, १२०, ९०, ७०.

अंतर आणि पिक्सेल यांचा आलेख काढला तर वक्र येतो आणि त्यातून काही कळत नाही. त्याऐवजी आडव्या अक्षावर एक भागिले अंतर घ्या, उभ्यावर पिक्सेल. बिंदू सरळ रेषेत पडले पाहिजेत. वरच्या आकड्यांत २० आणि ६० घेतले तर चढ (२१० − ९०) ÷ (०.०५ − ०.०१६६७) = ३६००. ३० आणि ९० घेतले तरी ३६००. रेषा पिक्सेलच्या अक्षाला ३० वर छेदते. मग या मापकाचं सूत्र झालं:

अंतर = ३६०० ÷ (पिक्सेल − ३०)

आधीच्या ११९.८९ ला यातून ४०.०५ सेंटीमीटर मिळतं. लेझर थोडा तिरका बसला होता, कॅमेऱ्याचा मध्य नेमका कुठे आहे ते माहीत नव्हतं, या दोन्ही गोष्टी त्या ३० मध्ये सामावल्या.

बिंदू सरळ रेषेत आले नाहीत तर घाबरू नका, ते कसे वाकलेत ते बघा. जवळच्या बाजूला वाकत असतील तर बहुधा तुमच्या मोजपट्टीचा शून्य आणि कॅमेऱ्याचा प्रकाशीय मध्य एका जागी नाही. तो मध्य भिंगाच्या आत कुठेतरी असतो, बाहेरून दिसत नाही. प्रत्येक अंतरात दोन, चार, सहा मिलिमीटर मिळवून किंवा वजा करून आलेख पुन्हा काढा. एका आकड्याला रेषा सरळ होते. तो आकडा लिहून ठेवा आणि शेवटी उत्तरातून वजा करा किंवा मिळवा. झुकवलेल्या कॅमेऱ्यालाही हीच युक्ती तशीच्या तशी चालते, फक्त तो आकडा मोठा येतो. २० सेंटीमीटर आधाररेषा आणि ३९ अंशांना साधारण १६ सेंटीमीटर. भूमिती करून पाहिली तर तो आधाररेषा गुणिले कोनाचा टॅन्जंट एवढाच निघतो. दोन वेगळ्या वाटणाऱ्या रचनांना एकच सूत्र पुरतं, हे मला या विषयातलं सगळ्यात सुरेख वाटतं.

वाक चित्राच्या कडेलाच येत असेल तर दोष भिंगाचा आहे. स्वस्त रुंद भिंगं कडेला सरळ रेषाही वाकड्या दाखवतात. ओपनसीव्हीत बुद्धिबळाच्या पटाचं चित्र वापरून ते सुधारता येतं. किंवा कडेचे ४०-५० पिक्सेल वापरायचेच नाहीत.

जुळवणीत न वापरलेली दोन अंतरं, म्हणजे ३५ आणि ७५ वगैरे, शेवटी मोजून पडताळा घ्या. ज्या आकड्यांवर सूत्र बसवलं त्यांच्यावरच ते तपासण्यात अर्थ नाही.

कुठला पृष्ठभाग फसवतो

बिनचमकीचा पांढरा कागद, चुना किंवा डिस्टेंपरची भिंत, कच्चं लाकूड यांवर मापक बिनचूक चालतं. स्वयंपाकघरातला पॉलिश केलेला ग्रॅनाइटचा ओटा, स्टीलची भांडी, आरसा, काच यांवर किरण एकाच दिशेला परावर्तित होतो. कॅमेऱ्यात ठिपका दिसत नाही, किंवा दिसतो तो समोरच्या भिंतीवरचा. तिथे मॅट चिकटपट्टीचा तुकडा लावणं हाच उपाय. संगमरवर, मेण, साबण यांत प्रकाश थोडा आत शिरून पसरतो, ठिपका फिकट आणि मोठा होतो आणि मध्य सरकतो. काळ्या कापडावर ठिपका फार मंद, एक्स्पोजर वाढवावं लागतं.

ठिपक्यात बारीक चमचमते कण दिसतात, ते लेझरच्या प्रकाशाच्या स्वभावातच आहेत. खडबडीत पृष्ठभागावरून आलेल्या लहरी एकमेकींत मिसळून हे कण बनतात आणि भारित मध्य इकडेतिकडे ओढतात. एकाच जागेची शंभर चित्रं घेऊन सरासरी काढली तरी ही चूक जात नाही, कारण कण जागचे हलत नाहीत. कागद दोन-तीन मिलिमीटर बाजूला सरकवत पाच वाचनं घ्या आणि मधलं घ्या. फरक लगेच दिसतो.

पिंपातलं पाणी

मुंबईत पाणी ठरलेल्या वेळी येतं आणि पिंपात, टाकीत, माळ्यावरच्या ड्रममध्ये साठवावं लागतं. या मापकाचा इतका उपयोगी वापर दुसरा मला माहीत नाही. झुकवलेल्या कॅमेऱ्याची २० सेंटीमीटरची जोडणी यासाठी घ्या.

स्वच्छ पाण्यावर थेट लेझर मारू नका. बहुतेक प्रकाश आत शिरतो, थोडा वर परततो, आणि कॅमेऱ्याला दिसतो तो तळावरचा ठिपका, तोही पाण्यात वाकून चुकीच्या जागी. पाण्यावर पांढरं, बिनचमकीचं प्लास्टिकचं झाकण तरंगत सोडा. ते पुरेसं रुंद हवं. पिंपाचा व्यास ५६ सेंटीमीटर आणि झाकण ४० चं असेल तर ते कितीही फिरलं तरी मधोमध सोडलेला किरण त्याच्यावरच पडतो. झाकण सपाट तरंगतंय ना ते बघा.

किरण ओळंब्याने उभा करा. ५ अंश तिरका राहिला तर ८० सेंटीमीटरला साधारण ३ मिलिमीटरची चूक होते, ती चालण्यासारखी आहे. कॅमेरा आणि लेझर दमट हवेपासून वाचवायला जोडणी डब्यात ठेवा, खाली पारदर्शक ॲक्रिलिकचा तुकडा लावा आणि आत सिलिका जेलची पुडी टाका. कॅमेरा ॲक्रिलिकमधून तिरका बघतो, त्यामुळे ठिपका किंचित सरकतो. म्हणून जुळवणी ॲक्रिलिक लावूनच करा. मोरीजवळ फक्त ५ व्होल्टची वायर न्या. चार्जर आणि एक्स्टेंशन बोर्ड कोरड्या खोलीत राहू द्या.

५६ सेंटीमीटर व्यासाच्या पिंपात पाण्याची पातळी एक सेंटीमीटर वाढली की जवळजवळ २.४६ लिटर पाणी वाढतं. पडताळा सोपा आहे. २० लिटरच्या मापाने पाणी ओता, पातळी ८.१ सेंटीमीटर चढली पाहिजे. तेवढी चढली की रात्रभराची नोंद लावून ठेवा. नळाची तोटी हळूच गळत असेल तर सकाळी आलेखात ती उताराच्या रेषेसारखी स्पष्ट दिसते.

तयार चिप कधी घ्यावी

एवढी खटपट नको असेल तर एसटी मायक्रोइलेक्ट्रॉनिक्सची व्हीएल५३एल०एक्स ही चिप लॅमिंग्टन रोडवर छोट्या बोर्डावर बसवलेली मिळते. ती खरोखर प्रकाशाची वेळ मोजते. ९४० नॅनोमीटरचा अदृश्य लेझर, एकेक फोटॉन टिपणारे सेन्सर, आणि दोन मीटरपर्यंतचा टप्पा, सगळं नखाएवढ्या जागेत. ती डोळ्यांना सुरक्षित वर्गात आहे आणि अर्डुइनोला चार वायरींत जोडली जाते. बोर्डावर चिपवर चिकटलेली बारीक फिल्म असेल तर ती काढायला विसरू नका.

पण ती ठिपका बघत नाही, २५ अंशांचा शंकू बघते. ३० सेंटीमीटरवर त्या शंकूची रुंदी १३ सेंटीमीटर, एक मीटरवर ४४. अरुंद पाइपात, किंवा पिंपाच्या कडेशी लावली तर, ती भिंतीचंही प्रतिबिंब मोजते आणि आकडा कमी दाखवते. भर उन्हात तिचा पल्लाही घटतो. माणूस जवळ आला का, दार उघडं आहे का, हे ओळखायला ती उत्तम. फळीचा वाक मिलिमीटरमध्ये हवा असेल तर त्रिकोणच लावा. नीटो कंपनीच्या एक्सव्ही-११ या घर झाडणाऱ्या रोबोमध्येही फिरता लेझर आणि हाच त्रिकोण होता.

चिपच घेतलीत तरी जुळवणी टळत नाही. वाचनाचा वेळ नेहमीच्या ३३ मिलिसेकंदांवरून २०० पर्यंत वाढवा, म्हणजे आकडे स्थिरावतात. मग ओळखीच्या अंतरावर पांढरा कागद ठेवून किती फरक येतो ते बघा आणि तेवढा वजा करा. वर काच लावणार असाल तर काच लावूनच, कारण काचेवरून परतणारा प्रकाशही ती मोजते.

त्रिकोणाच्या जोडणीचे आकडे, म्हणजे चढ, छेद आणि शून्याची दुरुस्ती, पक्क्या शाईने पाइपावरच लिहून ठेवा. पावसाळ्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा २०, ४० आणि ९० सेंटीमीटरवर तपासा. तिन्ही ठिकाणी पिक्सेल सारखेच सरकले असतील तर कॅमेरा किंवा लेझर जरा फिरलाय, फक्त छेदाचा आकडा बदला. जवळचा जास्त आणि लांबचा कमी सरकला असेल तर आधाररेषा बदलली आहे, स्क्रू आवळा आणि पाचवी पायरी पुन्हा करा.